वय ३३, बँकेतली नोकरी सोडून साडेसहा लाखांचा कलिनरी (शेफ होण्याचा) डिप्लोमा करावा का?

मी हेच केलंय, तेही ३२व्या वर्षी, त्यामुळे जरा लांबच लिहितोय. तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं बँकेत ऑपरेशन्सला आहात, ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, मुलगी सहा वर्षांची, मिस्टर हो म्हणतायत, आणि अंधेरीच्या एका इन्स्टिट्यूटने एका वर्षाच्या डिप्लोमाची फी साडेसहा लाख सांगितली आहे, तर एवढे पैसे घालावेत का आणि सर्टिफिकेटशिवाय कोणी किचनमध्ये उभं करेल का.

तर आत्ता फी भरू नका. आधी तीन महिने शनिवार-रविवार एखाद्या चालत्या किचनमध्ये जाऊन उभ्या राहा, मग ठरवा. आणि हो, सर्टिफिकेटशिवाय घेतात, खालच्या कामाला तर नक्कीच घेतात. हे असं का म्हणतोय ते सांगतो.

मी लालबागचा. बॅलार्ड इस्टेटला एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशनला नऊ वर्षं होतो, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावत्या, टाइप करत. २०१४ला सोडलं तेव्हा हातात ४१ हजार यायचे. उपनगरातल्या एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये वर्षाचा डिप्लोमा केला, फी ३ लाख २० हजार. २०१५ला एका मोठ्या हॉटेलात कॉमी थ्री म्हणून लागलो, कॉमी थ्री म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची पायरी, आणि पहिला पगार हातात आला १२,८००. माझ्याबरोबर त्याच दिवशी रत्नागिरीहून आलेला एक २० वर्षांचा मुलगा लागला होता, कुठलाही कोर्स न केलेला, त्यालाही तेवढाच.

आता हिशोब तुम्हीच करा, तुम्ही बँकेतल्या आहात. कोर्सचं वर्षभर पगार नाही म्हणजे ४ लाख ९२ हजार गेले. पुढच्या वर्षी दर महिन्याला २८,२०० कमी, म्हणजे अजून ३ लाख ३८ हजार. फी धरून साडेअकरा लाख झाले आणि हे फक्त पहिल्या दोन वर्षांचं. परत ४१ हजारावर यायला मला पाच वर्षांच्या वर लागली. लोक इन्स्टिट्यूटच्या फीवर चर्चा करतात, पण फी हा त्यातला सगळ्यात छोटा आकडा आहे हो. तुमचा पगार माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षा जास्त असणार, म्हणजे तुमचा आकडा अजून मोठा, त्यात घराचा हप्ता. हा कागद आधी मिस्टरांबरोबर बसून मांडा.

आता शाळा कामाची की नाही, ह्यावर मी खूप विचार केलाय. माझा जन्म १९८२चा, गिरणी संपाच्या वर्षातला. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची, संपाआधी तिच्याकडे चाळीसेक माणसं जेवायची, सगळे कोकणातून नाहीतर घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार, तीन पाळ्यांमध्ये. मला आठवतं तेव्हा आठ-नऊच उरली होती. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते ह्याच बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. ह्या बायकांना स्वयंपाक कोणी शिकवायची गरजच नव्हती, त्यांच्याकडे भांडवल नव्हतं. म्हणून तुम्हाला पण तोच प्रश्न विचारतो, तुमच्याकडे नेमकं काय नाहीये? हाताला वेग नाही? एखादी गोष्ट का बिघडते ते कळत नाही? कागद नाही? का पैसा आणि ओळखी नाहीत? शाळा ह्यातल्या दोनच गोष्टी देते, 'का' आणि कागद. वेग ती देऊ शकत नाही, आणि भांडवल तर ती तुमच्याकडून घेते.

वेगाचं सांगतो. हॉटेलात पहिला महिना मी बुचरीत होतो, म्हणजे मांस-मासळी साफ करायच्या विभागात. रोज साधारण १८ किलो कोळंबी. डोकं पिरगळून काढायचं, पायाच्या बाजूने कवच सोलायचं, पाठीवर सुरीचं टोक फिरवून काळा दोरा काढायचा, बर्फाच्या पाण्यात टाकायची. डोक्यावरचा काटा बोटात जातो, दुसऱ्या दिवशी बोटं सुजतात, तिसऱ्या दिवशी सुरी नीट धरता येत नाही आणि १८ किलो तर परत आलेलीच असते. कोर्समध्ये आम्ही कोळंबी साफ केली होती, प्रत्येकाच्या वाट्याला सहा. सहाच. तो रत्नागिरीचा मुलगा माझ्या दुप्पट वेगाने सोलायचा कारण तो लहानपणापासून तेच करत आलेला. त्याचे हात मी बघत राहायचो. महिन्याने मी त्याच्या जवळपास आलो, ते काही फी भरून नाही आलं.

पण त्याच टेबलावर दुसरी गोष्ट झाली. शेफ आले आणि त्यांनी विचारलं, "निघाली किती?" तो मुलगा म्हणाला सगळी झाली. मी वजन करून ठेवलं होतं, म्हटलं १८ची ९ किलो भरली. शेफ थांबले, कुठून आलास विचारलं. मला हे कोर्समधून आलं होतं थोडंफार, यील्ड म्हणून एक धडा होता, पण खरं आजीच्या वहीतून आलं. तिच्या वहीत मासळीच्या पानावर दोन रकाने असायचे, 'आणली' आणि 'निघाली'. ६०० रुपये किलोची कोळंबी सोलून अर्धी झाली की ती १२०० रुपये किलोची असते, एका प्लेटला १२० ग्रॅम घातली की १४४ रुपये नुसत्या कोळंबीचे, अजून तेल, खोबरं, गॅस, माणूस, डबा, ॲपचं कमिशन काहीच धरलेलं नाही. घरून ऑर्डर घेणारे कितीतरी लोक ६०० धरूनच भाव लावतात आणि मग एवढं राबून पैसे जातात कुठे हे त्यांना कळत नाही. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी 'पुढे कधीतरी स्वतःचं मालवणी किचन' असं लिहिलंय म्हणून हे एवढं सांगितलं. त्याच्यासाठी तुम्हाला फ्रेंच सॉस नको, ही दोन रकान्यांची वही हवी, आणि ती तुम्ही बँकेत दहा वर्षं लिहिताय. मालवणी वाटणासाठी खोबरं किती भाजायचं हे मला कुठल्याही शेफने शिकवलं नाही, ते तुमच्या ओळखीत एखादी मावशी असेल तीच शिकवेल.

आता शाळेच्या बाजूने बोलतो, कारण मला माझ्या वर्षाचा पश्चात्ताप अजिबात नाहीये.

आमच्याकडे एक सर होते, ते हॉलंडेज सॉस, म्हणजे अंड्याचा बलक आणि लोणी घोटून करतात तो, आधी मुद्दाम फाडायला लावायचे. बलक जास्त तापवा, लोणी एकदम ओता, बघा कसा फाटतो. मग फाटलेला जोडायला लावायचे, चमचाभर कोमट पाणी किंवा नवीन बलक घेऊन त्यात थेंबथेंब फाटलेला सॉस घोटत जायचं. हॉटेलात असं कोणी शिकवणार नाही, तिथे फाटला की ओरडा बसतो आणि वरचा माणूस पटकन दुसरा करून घेतो, तुम्हाला काय चुकलं ते कळतच नाही. शाळेत चुकायला जागा असते. ह्या एका गोष्टीसाठी पैसे द्यावेत इतकी ती मोलाची आहे, पण ती असेल तर.

आणि दुसरं म्हणजे भात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, हॉटेल कुठलं ते सोडा, बँक्वेटला लग्नाचं मोठं फंक्शन होतं. रात्री एकच्या सुमाराला आवराआवर करताना मागच्या बाजूला जीरा राईसचे दोन मोठे टोप सापडले, संध्याकाळी सातला शिजलेले, झाकण लावून तसेच ठेवलेले. हात घातला तर मधला भात अजून कोमट. माझा सीनिअर म्हणाला चिलरला टाक, सकाळी फोडणी देऊन स्टाफला लावू, एवढा भात फेकायचा का. त्याची पंधरा वर्षं किचनमध्ये गेलेली, हात सोन्यासारखा, मी त्याच्याकडून खूप शिकलो. पण त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं की भातात बॅसिलस सिरीयस म्हणून जंतू असतो, त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष करतात ते परत फोडणी देऊन, गरम करून जात नाही. शिजवलेलं अन्न ६० अंशावरून २१वर दोन तासांत यायला हवं आणि पुढच्या चार तासांत ५वर, म्हणून भात पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून थंड करायचा असतो, खोल टोपात नाही. मी म्हटलं फेकूया. तो चिडला, कोर्सवाले आले म्हणाला, आणि खूप बोलला. मी एक्झिक्युटिव्ह शेफना फोन लावला रात्री सव्वा वाजता, हात थरथरत होते माझे, त्यांनी एकच वाक्य सांगितलं, फेक आणि रजिस्टरला लिही. सकाळी स्टाफ कॅफेटेरियात दोनशेच्या वर माणसं जेवली असती तो भात. शाळेचं ते वर्ष त्या एका रात्रीत वसूल झालं असं मला आजही वाटतं.

तर शाळा कामाची आहे. पण सगळ्या शाळा ते देत नाहीत. माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये सर चांगले होते, बाकी बऱ्याच गोष्टीत फसवणूकच होती. माहितीपत्रकात कॉम्बी ओव्हनचा, म्हणजे वाफ आणि गरम हवा दोन्हीवर चालणाऱ्या मोठ्या ओव्हनचा फोटो, आम्ही तो वर्षात दोनदा चालू झालेला पाहिला. कोंबडी कापायच्या प्रॅक्टिकलला चौघांत एक कोंबडी, म्हणजे एक जण कापतो आणि तिघं बघतात. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे हॉटेलांचे नंबर आणि एक शिफारसपत्र. म्हणून अंधेरीला जाल तेव्हा बिल्डिंग बघू नका, प्रॅक्टिकल चालू असताना जा आणि मागे उभ्या राहा. एका ओट्यावर किती जण आहेत ते मोजा. प्रत्येकाच्या हातात सुरी आहे का बघा. मागच्या बॅचमधल्या दोन-तीन जणांशी तुमचं तुम्ही बोला, इन्स्टिट्यूटने निवडून दिलेल्यांशी नाही, आणि विचारा की तुमच्यातले किती जण आज किचनमध्ये टिकून आहेत. प्रॅक्टिकल बघायला नाही म्हणाले तर तिथूनच परत या.

साडेसहा लाखांच्या आधी स्वस्तातले रस्ते पण बघा. आयटीआयला फूड प्रॉडक्शन आणि बेकर-कन्फेक्शनर असे एक वर्षाचे ट्रेड असतात, लोक त्याकडे बघतच नाहीत कारण नावाला ग्लॅमर नाही. दादरचं आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, जुनी माणसं ज्याला दादर केटरिंग कॉलेज म्हणतात, १९५४ला लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालं, ह्या क्षेत्रातलं देशातलं पहिलं. तिथली मुख्य डिग्री तीन वर्षांची, ती तुमच्या सोयीची नाही, पण अशा सरकारी संस्थांत फूड प्रॉडक्शनचे, बेकरीचे छोटे कोर्सही असतात, वेळ आणि वयाची अट समक्ष जाऊन विचारून या.

बेकरीत जायचं असेल तर मात्र माझं मत बदलतं. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, पावाला मीठ विसरलात तर पाव गेला. तिथे सगळं वजनावर आणि तापमानावर चालतं. मे महिन्यात मुंबईत क्रोसाँ लाटून बघा, लोणी जरा मऊ झालं की पिठात मुरतं आणि थर संपले, फार गार असलं तर लाटताना तडकतं. हे एकटीने यूट्यूबवर बघून जमतं, पण लोणी आणि मैदा वाया घालवत दोन वर्षं लागतात, चांगला सहा महिन्यांचा बेकरी कोर्स ती दोन वर्षं वाचवतो. शिवाय त्यातलं काम पहाटे असतं, मुलगी शाळेतून यायच्या वेळेला तुम्ही घरी असू शकता. परदेशात नोकरी करायची असेल तरी कोर्स करा, तिथे कागद मागतात.

वयाचं तुम्ही दोनदा लिहिलंय, त्याची काळजी सोडा. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड पॅरिसला ल कॉर्दों ब्लू ह्या पाककलेच्या शाळेत गेल्या त्या १९४९ साली, ३७व्या वर्षी. आपल्या मुंबईचे शेफ फ्लॉइड कार्डोज आधी बायोकेमिस्ट्री शिकले, मग दादरच्या कॉलेजात गेले, आणि न्यूयॉर्कमध्ये नाव काढलं. आणि दुसऱ्या बाजूला शेफ इम्तियाज कुरेशी, पद्मश्री, कुठल्याही कलिनरी शाळेत न गेलेले, घरातच आणि उस्तादांच्या हाताखाली तयार झालेले. दोन्ही रस्त्यांनी माणसं पोचलीत.

काळजी वयाची नाही, वेळापत्रकाची आणि पायांची करा. स्टँडअलोन, म्हणजे हॉटेलात नसलेल्या, रेस्टॉरंटला ब्रेक शिफ्ट असते, अकरा ते साडेतीन आणि परत साडेसहा ते बंद होईपर्यंत. मधल्या तीन तासांत लोअर परळहून ठाण्याला जाऊन परत येणं होत नाही, मग लोक मागच्या गल्लीत नाहीतर लॉकर रूममध्ये पुठ्ठ्यावर पडतात. दिवाळी, ३१ डिसेंबर, शनिवार-रविवार, गणपतीची संध्याकाळ, सगळे जेवायला बाहेर पडतात तेव्हा तुम्ही आत. माझ्या मुलाची पहिली तीन गॅदरिंग मी पाहिली नाहीत, हे मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. आणि बाई म्हणून तुम्हाला अजून एक सांगतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. मोठ्या हॉटेलात ड्रॉपची गाडी असते. छोट्या ठिकाणी इंटरव्ह्यूलाच विचारा की साडेअकराला सुटले तर घरी कशी पोचवणार, संकोच करू नका. बायकांना गरम सेक्शनवर न ठेवता थेट सॅलड आणि पेस्ट्रीकडे ढकलतात हे पण होतं, तुम्हाला करी सेक्शन शिकायचा असेल तर पहिल्या दिवशीच तसं सांगा.

तीन महिने कुठे उभं राहायचं? पाच तारांकितला नको, तिथे कागदपत्रं आणि परवानग्यांतच वेळ जातो. ठाण्यात किंवा दादरला जिथे तुम्ही स्वतः जेवता, जिथलं जेवण आवडतं, अशा मध्यम ठिकाणी दुपारी चारला जा, सर्व्हिस चालू असताना नाही. मालकाला नाही, शेफला भेटा. सांगा की शनिवार-रविवार येते, पैसे नकोत, प्रेप, म्हणजे सोलणं-चिरणं अशी आधीची तयारी, द्या. पुढून बंद, न घसरणारे शूज घ्या, सुती कपडे, केस बांधून, अंगठी-बांगड्या घरी ठेवून. कांदा, लसूण, कोळंबी जे देतील ते करा आणि एका वहीत आणली-निघाली लिहीत जा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुम्हाला कळेल की तुम्हाला स्वयंपाक आवडतो की किचन आवडतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या बॅचमध्ये २४ जण होतो, आज किचनमध्ये पाच आहेत. बाकीच्यांतले बरेच जण उत्तम स्वयंपाक करतात, घरी, आणि आनंदात आहेत.

ह्या तीन महिन्यांत अजून एक दार दिसेल ते पण बघून ठेवा. किचनमध्ये हिशोब येणारी माणसं फार कमी असतात. परचेस, स्टोअर्स, फूड कॉस्ट कंट्रोल, सेंट्रल किचनचं प्लॅनिंग, ह्या कामांना दिवसाची शिफ्ट असते आणि तुमची बँकेतली दहा वर्षं तिथे शून्य धरत नाहीत. मी आज लोअर परळला एका रेस्टॉरंटमध्ये सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा, आहे, आणि आमच्या कॉस्ट कंट्रोलरला मी महिन्याअखेरीला जितके फोन करतो तितके कोणालाच करत नाही.

फीसाठी कर्ज काढावं लागणार असेल तर माझं उत्तर आत्ता तरी नाही असंच आहे, घराचा एक हप्ता चालू असताना दुसरा १५ हजाराच्या पगारातून जाणार नाही. पैसे साठवलेले असतील, वर्षभराचा घरखर्च बाजूला निघत असेल आणि तीन महिन्यांनंतरही जावंसं वाटत असेल तर पुढच्या बॅचला खुशाल जा. तोवर इन्स्टिट्यूटवाले दर आठवड्याला फोन करून सीट भरत आल्यात, आजच टोकन भरा म्हणतील. म्हणू देत, सीट पुढच्या वर्षीही असतात.